‘ओब्तूरामेन्तुम्’: लॅटिनमधलं बूच कसं ओळखावं आणि कसं वापरावं

बाटलीच्या बुचाला लॅटिनमध्ये काय म्हणतात, असं शोधायला गेलं की कोशात चार-पाच शब्द एकदम समोर येतात आणि कोणता उचलावा ते कळत नाही. त्यातला कामाचा शब्द ‘ओब्तूरामेन्तुम्’. अर्थ: भोकात बसवून ते बंद करायची वस्तू. बूच, दट्ट्या, गुडदी, बोळा हे सगळं त्यात येतं. झाकण येत नाही, आणि बहुतेकांची पहिली चूक तिथेच होते.

लॅटिन शब्द इथे देवनागरीत लिहिताना जुना रोमन उच्चार धरला आहे. ‘क’ नेहमी ‘क’च, कधी ‘स’ किंवा ‘च’ नाही. ‘ऐ’ म्हणजे आपला ‘अइ’. शेवटचं अक्षर पाय मोडलेलं असेल तर ते तसंच तोडून म्हणायचं.

अर्थ पक्का करायचा तर प्लिनीकडे

हा शब्द जुन्या लॅटिनमध्ये फार वेळा सापडत नाही. थोरल्या प्लिनीने, म्हणजे पहिल्या शतकातल्या रोमन लेखकाने, आपल्या 37 खंडांच्या निसर्गविषयक ग्रंथात तो दोन वेगळ्या ठिकाणी वापरला आहे. दोन्ही जागा शेजारी ठेवल्या की शब्दाचा आवाका लगेच दिसतो.

पहिली जागा सोळाव्या खंडात, बुचाच्या ओक झाडाच्या वर्णनात. प्लिनी या झाडाबद्दल फारसं चांगलं बोलत नाही: झाड लहान, फळ अगदी टाकाऊ, उपयोगाची फक्त साल. ती साल जाड असते आणि काढली तरी पुन्हा येते. मग तो उपयोग मोजतो: जहाजांच्या नांगराचे दोर, कोळ्यांची जाळी, बायकांची हिवाळी पादत्राणं, आणि ‘कादोरुम् ओब्तूरामेन्तीस्’, म्हणजे ‘कादुस् नावाच्या रांजणांच्या बुचांसाठी’.

दुसरी जागा तेहतिसाव्या खंडात, स्पेनमधल्या सोन्याच्या खाणींच्या वर्णनात. डोंगरमाथ्यावर तलाव खोदायचे, प्रत्येक बाजू 200 फूट, खोली 10 फूट. त्याला साधारण 3 फूट चौरस अशी पाच तोंडं ठेवायची. तलाव भरला की ‘एक्स्कुस्सीस् ओब्तूरामेन्तीस्’, म्हणजे दट्टे ठोकून उडवले की, पाण्याचा लोंढा असा सुटतो की दगडधोंडे घरंगळत जातात. रोमन फूट सुमारे 29.6 सेंटिमीटरचा. त्या हिशेबाने एका तलावात एक कोटी लिटरच्या वर पाणी मावतं. प्लिनी स्वतः स्पेनमध्ये अधिकारी होता, आणि वायव्य स्पेनमधल्या लास मेदुलासच्या डोंगरांवर अशा पाणखाणींच्या खुणा आजही दिसतात.

म्हणजे रांजणाच्या तोंडातला सालीचा तुकडा आणि एक कोटी लिटर पाणी अडवणारं दार, दोघांना एकच शब्द. आकार, वजन, साहित्य काहीही असो, भोकात बसून ते बंद करतं ना, मग ते ओब्तूरामेन्तुम्. शब्द कामावरून पडलेला आहे, वस्तूवरून नाही. मराठीत उतरवताना म्हणूनच आधी भोक कुठलं ते बघायचं आणि मग शब्द निवडायचा. रांजणाच्या जागी ‘बूच’ शोभेल. तलावाच्या जागी ‘बूच’ म्हटलं तर हसू येईल, तिथे ‘दट्ट्या’ हवा. चिंधी कोंबून भोक बुजवलं असेल तर ‘बोळा’.

शब्द कसा घडला

संस्कृतची थोडीफार ओळख असेल तर हे फार सोपं जातं. धातू ‘ओब्तूरो’, म्हणजे मी बुजवतो. ‘-मेन्तुम्’ या प्रत्ययाने ‘ज्याने ती क्रिया होते ते साधन’ असा अर्थ येतो. या प्रत्ययातला ‘-मेन्’ हा संस्कृतातल्या ‘-मन्’चा सख्खा भाऊ. संस्कृत ‘नामन्’ आणि लॅटिन ‘नोमेन्’ शेजारी ठेवून बघा. ‘वृ’ म्हणजे झाकणे, त्यावरून ‘वर्मन्’, म्हणजे ज्याने अंग झाकायचं ते चिलखत. तसंच हे: ज्याने बुजवायचं ते ओब्तूरामेन्तुम्.

याच धातूची आणखी तीन रूपं माहीत असावीत, कारण वाचताना ती एकमेकांत मिसळतात. ‘ओब्तूरातोर्’ म्हणजे बुजवणारा. हा ‘-तोर्’ म्हणजे आपल्या ‘कर्तृ’, ‘दातृ’ मधला ‘-तृ’. ‘ओब्तूरातिओ’ म्हणजे बुजवण्याची क्रिया. आणि ‘ओब्तूरातुस्’ म्हणजे बुजवलेला, आपल्या ‘कृत’, ‘गत’ मधल्या ‘-त’सारखा. कर्ता, क्रिया, क्रिया झालेली वस्तू आणि साधन अशी चार घरं. बूच हे साधनाच्या घरात.

उच्चाराबद्दल दोन गोष्टी. एक, लिहायचा ‘ब्’ पण तोंडातून निघतो ‘प्’: ओप्तूरामेन्तुम्. ‘ब्’च्या पुढे ‘त’ आला की तो कठोर होतो. संस्कृतात ‘लभ्’चं ‘लप्स्यते’ होतं, त्याच जातीचा बदल. अशाच ‘ओब्’ने सुरू होणाऱ्या दुसऱ्या एका शब्दाबद्दल रोमन वक्तृत्वशिक्षक क्विन्तिलियानुसने नेमकं हेच नोंदवलं आहे: नियम ‘ब्’ मागतो, कानाला मात्र ‘प्’ ऐकू येतो. दोन, आघात. शेवटून दुसरं अक्षर गुरू असेल तर आघात त्याच्यावर, लघू असेल तर त्याच्या आधीच्यावर. गुरू-लघू ओळखायची रीत आपल्या वृत्तांतलीच: ‘मेन्’च्या पुढे जोडाक्षर आहे, म्हणून ते गुरू, म्हणून आघात ‘मेन्’वर.

शेजारचे शब्द, आणि कुठे कोणता नको

ओपेर्कुलुम्: हे खरं झाकण. भांड्याच्या वर बसतं, आत जात नाही. ‘ओपेरीरे’ म्हणजे झाकणे या धातूवरून आलेला हा शब्द वरच्या ‘वृ’चा दूरचा नातेवाईक आहे. जीवशास्त्रात तो रोज भेटतो: माशाच्या कल्ल्यांवरचं आवरण, गोगलगायीच्या शंखाचं दार (धुपात पडणारा नखला तो हाच), निलगिरीच्या कळीवरची टोपी. डबा, कढई, पेटी यांसाठी हाच शब्द घ्या.

कोर्तेक्स्: मूळ अर्थ झाडाची साल. रोमन लोक बुचाच्या ओकाची साल भांड्याच्या तोंडाला लावत, म्हणून नुसतं ‘कोर्तेक्स्’ म्हटलं तरी संदर्भाने बूच समजलं जाई. कवी होरातियुसने एका गीतात मद्याच्या रांजणाचं बूच काढायची गोष्ट केली आहे, तिथे त्याचा शब्द ‘पिक्स् लावून घट्ट केलेलं कोर्तेक्स्’ असा आहे; ‘पिक्स्’ म्हणजे झाडाच्या चिकापासून केलेलं डांबर. आज मात्र नुसतं ‘कोर्तेक्स्’ लिहिलं तर वाचणाऱ्याला आधी मेंदू आठवतो.

सूबेर्: बुचाचं झाड आणि त्याचा पदार्थ. वस्तूचा नव्हे, पदार्थाचा शब्द. ‘क्वेर्कुस् सूबेर्’ हे त्या झाडाचं शास्त्रीय नाव स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञ लिनेयसने 1753 मध्ये दिलं. काचेच्या बुचाला ‘सूबेर्’ म्हणणं म्हणजे स्टीलच्या पातेल्याला ‘तांबं’ म्हणण्यासारखं. मराठी माणसाने इथे आणखी जपायला हवं, कारण आपल्या ‘बूच’ शब्दात वस्तू आणि पदार्थ दोन्ही आहेत. शिवाय आपल्याकडे ‘बुचाचं झाड’ म्हणतात तो आकाशनिंब. लांब दांड्याची पांढरी सुवासिक फुलं गळतात तो. त्याच्या सालीचा हलका बुचासारखा उपयोग होत असे म्हणून हे नाव पडलं. ओकाशी त्याचं काहीच नातं नाही. भाषांतरात त्याला ‘सूबेर्’ लिहू नका.

एम्बोलुस् हा ग्रीकमधून आलेला. वास्तुविशारद वित्रुवियुसने पंपाच्या दट्ट्याला तो वापरला आहे, नळीत वर-खाली सरकणाऱ्या. बसून राहतो तो ओब्तूरामेन्तुम्, सरकतो तो एम्बोलुस्. रक्तवाहिनीत वाहत जाऊन अडकणाऱ्या गुठळीला 19व्या शतकात जर्मन वैद्य विरखोने हेच नाव दिलं, ते किती चपखल आहे बघा.

‘ओब्तूराकुलुम्’ असाही एक शब्द कोशात दिसेल. अर्थ तोच, पण उत्तरकाळातला. व्याकरणाने चूक नाही. तरी प्लिनीचा शब्द हाताशी असताना तो घ्यायचं कारण नाही.

रूपं चालवताना

नपुंसकलिंगी, संस्कृत ‘वनम्’सारखा. प्रथमा आणि द्वितीया एकसारख्या: ओब्तूरामेन्तुम्. षष्ठी ओब्तूरामेन्ती. चतुर्थी ओब्तूरामेन्तो. पंचमीचं रूपही ओब्तूरामेन्तो. लॅटिनची ही एक विभक्ती आपल्या तृतीया, पंचमी आणि सप्तमी अशा तिघींचं काम करते. अनेकवचनात प्रथमा-द्वितीया ओब्तूरामेन्ता, षष्ठी ओब्तूरामेन्तोरुम्, चतुर्थी-पंचमी ओब्तूरामेन्तीस्. षष्ठीच्या अनेकवचनात आघात सरकून ‘तो’वर जातो, तेवढं लक्षात असू द्या.

दोन सापळे आहेत. पहिला ‘ओब्तूरामेन्ता’. आपल्याला आकारान्त दिसलं की ‘लता’, ‘माला’ आठवते आणि हात आपोआप स्त्रीलिंगी एकवचनाकडे जातो. हे नपुंसकलिंगी अनेकवचन आहे. क्रियापद अनेकवचनी हवं: ‘ओब्तूरामेन्ता सुन्त्’, म्हणजे बुचं आहेत. ‘एस्त्’ लिहिलंत तर चूक.

दुसरा सापळा ‘ओब्तूरामेन्तीस्’. चतुर्थी की पंचमी? रूपावरून कळत नाही, जसं ‘वनेभ्यः’ नुसतं बघून कळत नाही. शेजारी काय आहे ते पाहायचं. प्लिनीच्या पहिल्या वाक्यात ‘उपयोग’ हा शब्द आहे. उपयोग कशासाठी? बुचांसाठी, म्हणून चतुर्थी. दुसऱ्या वाक्यात त्याच्या जोडीला ‘एक्स्कुस्सीस्’, म्हणजे ‘ठोकून काढलेल्या’, असं विशेषण त्याच विभक्तीत उभं आहे, आणि मुख्य वाक्याचा कर्ता पाण्याचा लोंढा हा वेगळाच आहे. ही आपली सति सप्तमी: ‘दट्टे उडवले असता लोंढा सुटतो’. असा तुकडा दिसला की त्याला ‘असता’, ‘-ल्यावर’ लावून वाचा. ‘उडवलेल्या दट्ट्यांनी लोंढा सुटतो’ असं केलंत तर अर्थच उलटतो, कारण दट्टे पाणी सोडत नाहीत, अडवतात.

वाक्यात कसा बसवायचा

कशाचं बूच, ते षष्ठीत. ‘ओब्तूरामेन्तुम् लागोइनै’ म्हणजे बाटलीचं, सुरईचं बूच. ‘ओब्तूरामेन्तुम् लाब्री’ म्हणजे मोरीतल्या टबाचं बूच. ‘लाब्रुम्’ म्हणजे न्हाणीचं कुंड. ‘औरिउम् ओब्तूरामेन्ता’ म्हणजे कानांतले बोळे.

कशापासून केलेलं, ते ‘एक्स्’ लावून पंचमीत: एक्स् सूबेरे, बुचाच्या सालीचं. पुढचा शब्द ‘व’ने सुरू होत असेल तर नुसतं ‘ए’ चालतं: ए वित्रो, काचेचं. ‘काचेचं बूच’ हा आपल्या मराठीतला गमतीदार प्रकार लॅटिनमध्ये असा विनातक्रार मांडता येतो.

बूच मारणे हे सांगायला नाम लागतच नाही, धातू पुरतो. जी वस्तू बंद करायची ती द्वितीयेत आणि ज्याने बंद करायची ते पंचमीत, इथे अर्थ तृतीयेचा. ‘लागोइनाम् सूबेरे ओब्तूरो’: बाटली बुचाने बंद करतो. सुरुवात करणारे इथे बुचाला द्वितीयेत टाकतात, कारण मराठीत आपण ‘बूच मारतो’ म्हणतो. लॅटिन माणूस भांडं बुजवतो. बूच हे त्याचं हत्यार.

बूच मारलेली बाटली: ‘लागोइना ओब्तूराता’. लागोइना स्त्रीलिंगी म्हणून ‘ओब्तूराता’. कादुस् पुल्लिंगी, म्हणून ‘ओब्तूरातुस्’. जमिनीत पुरलेला मोठा रांजण ‘दोलियुम्’ नपुंसकलिंगी, म्हणून ‘ओब्तूरातुम्’.

धातू अवयवांनाही लागतो. होरातियुस ऐकवायला आलेल्या कवींपुढे कान बुजवायची भाषा करतो. त्याच्या आधीचा विनोदी नाटककार प्लाउतुस तर कमालच करतो. एक कंजूस म्हातारा श्वास वाया जाऊ नये म्हणून झोपताना तोंडाला पिशवी बांधतो, असं एक पात्र सांगतं. दुसरं लगेच विचारतं, मग खालचा घसाही बुजवतो का? तिथे हाच ‘ओब्तूरात्’ आहे. बाजारातही चालणारा, अगदी रोजचा शब्द होता हा.

काढण्यासाठी ‘एक्स्त्राहो’ म्हणजे ओढून काढतो. प्लिनीचा ‘एक्स्कुतियो’ ठोकून किंवा झटक्याने उडवण्याचा, तो शांतपणे उघडलेल्या बाटलीला शोभत नाही.

‘ओब्दूरो’ या शब्दाशी गल्लत टाळा. ‘त’च्या जागी ‘द’ आला की अर्थ ‘कठोर होतो, तग धरतो’ असा होतो. रोमन प्रेमकवितांत ‘ओब्दूरा!’ असं दिसलं तर कवी स्वतःला धीर देतो आहे, बूच लावून घेत नाही.

प्रत्यक्षात ते बूच कसं बसायचं

हे माहीत नसलं तर जुने उतारे वाचताना घोळ होतो. आजचं बूच लांबट, दाबून घुसवलेलं असतं. काचेच्या बाटलीचा गळा सरळ आणि एकसारखा असतो, म्हणून बूच फुगून स्वतःच तो घट्ट धरतं. मातीच्या रांजणाचं तोंड रुंद आणि ओबडधोबड. तिथे सालीची चकती नुसती बसवून हवा अडत नाही, कडेने फट राहतेच. म्हणून वरून डांबर किंवा गिलावा लिंपायचा. खरी हवाबंदी त्या लेपाने होई, बूच हा लेपाला आधार. रांजण उघडणं यालाही लॅटिनमध्ये ‘लेप काढणे’ अशा अर्थाचा ‘रेलिनो’ हा वेगळा धातू आहे. भाषांतर करताना ‘बूच उपटलं’ असं लिहायच्या आधी मुळात बूच आहे की लेप, ते तपासा.

रोमन लेखक काटोच्या शेतीवरच्या पुस्तकात, म्हणजे इसवीसनापूर्वी दुसऱ्या शतकात, याची छोटी कृती आहे. द्राक्षाचा ताजा रस वर्षभर गोड ठेवायचा असेल तर तो रांजणात भरा, ‘कोर्तिकेम् ओप्पिकातो’, म्हणजे बुचाला डांबर लिंपा, रांजण तळ्यात बुडवा, 30 दिवसांनी काढा. थंड पाण्यात आंबण्याची क्रिया मंदावते आणि लेपामुळे हवा आत जात नाही. लेपाची पायरी गाळली तर रांजणात तळ्याचं पाणी शिरतं. काटो इथे ओब्तूरामेन्तुम् वापरत नाही, कोर्तेक्स् वापरतो. पदार्थ नेमका ठाऊक असला की शेतकरी पदार्थाचंच नाव घेतो. आपणही ‘फडकं कोंब’ म्हणतो, ‘बोळा घाल’ असं दर वेळी म्हणत नाही.

आज हा शब्द कुठे भेटतो

दंतवैद्याकडे. रूट कॅनालमध्ये दाताच्या नळ्या साफ करून झाल्या की त्या गटापर्चा (रबरासारखा पदार्थ) आणि सीलर (फटी बुजवणारा लेप) भरून बंद करतात. त्या टप्प्याचं नाव ‘ऑब्ट्युरेशन’. बिलावर किंवा केसपेपरवर हा शब्द दिसला तर तो आजार नाही, भराव आहे. टाळूला भोक असेल तर ते झाकायला बसवतात त्या कृत्रिम पट्टीला ‘ऑब्ट्युरेटर’ म्हणतात. गुदद्वाराची आतून तपासणी करायच्या प्रॉक्टोस्कोपच्या पोकळ नळीत टोकाला गोल असलेला जो दांडा असतो तोही ऑब्ट्युरेटर. नळी आत जाताना तिचं तोंड तो बंद ठेवतो, आणि नळी जागेवर बसली की तो काढून घेतात. कॅमेऱ्याच्या शटरला फ्रेंचमध्ये ‘ऑब्त्युराटर’ म्हणतात, कारण शटर प्रकाशाचं भोक मिटतं.

आणि कमरेचं हाड. त्याच्या खालच्या भागात एक मोठं भोक आहे, इंग्रजीतून शिकणारे विद्यार्थी त्याला ‘ऑब्ट्युरेटर फोरामेन’ म्हणतात. शब्दशः घेतलं तर ‘बुजवणारं भोक’, आणि भोक कसं काय बुजवणार, असा प्रश्न दरवर्षी कुणीतरी विचारतंच. लॅटिन शरीररचनाशास्त्रातलं नाव ‘फोरामेन् ओब्तूरातुम्’ आहे: बुजवलेलं भोक. पडदा त्याला जवळजवळ पूर्ण बंद करतो, वरच्या कडेला मज्जातंतू आणि रक्तवाहिन्यांपुरती फट राहते. बुजवण्याचं काम त्या पडद्याचं, म्हणून त्याचं नाव ‘मेम्ब्राना ओब्तूरातोरिया’.